फाट्यापर्यंतचं हेल्मेट

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रज मागे पडतं, खेड शिवापूरचा टोलनाका जातो आणि थोड्या वेळात उजव्या हाताला चेलाडी फाटा येतो. तिथून आत वळलं की नसरापूर, बनेश्वर, मार्गासनी, विंझर आणि शेवटी तोरण्याच्या पायथ्याला वेल्हे. फाट्यावर न वळता हायवेनेच पुढे गेलं तर कापूरहोळ, आणि तिथून आत भोर. वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड तालुका झालं, पण 'तालुका कुठला?' असं कुणी विचारलं की आमच्या तोंडातून अजून वेल्हंच निघतं.

कुठल्याही शनिवारी संध्याकाळी या फाट्यावर दहा मिनिटं उभे राहा. पुण्यात कामाला असलेली आमच्याकडची पोरं गाडी बाजूला घेतात, हेल्मेट काढतात, केसांतून हात फिरवतात आणि हेल्मेट आरशाला अडकवून आत वळतात. कुणी कोपरात अडकवतं, कुणी टाकीवर ठेवतं, कुणी मागच्याच्या हातात देतं. याला आमच्याकडे कुणी नियम मोडणं म्हणत नाही. हायवे संपला, पोलीस संपले, हेल्मेट संपलं. उन्हातून आल्यावर ओट्यावर चप्पल काढावी इतकं ते साधं आहे.

मीही कित्येक वर्षं तेच करत होतो. २०२२ च्या जुलैतल्या एका शनिवारपर्यंत.

आवणीचे दिवस होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आवणी म्हणजे भाताची लावणी. घरातली सगळी माणसं गुडघाभर चिखलात असतात आणि पुण्यात लॅपटॉपसमोर बसलेल्या माझ्यासारख्याला शुक्रवारी रात्री फोन येतो, "उद्या येतोयस ना?" माझा चुलतभाऊ, आमचा दादा, ट्रॅक्टरचा एक पार्ट घ्यायला सकाळीच पुण्यात आला होता. म्हणाला, तुझी गाडी राहू दे, माझ्याच गाडीवर चल. त्याच्याकडे हेल्मेट एक होतं, ते त्याने घातलं. माझं रूमवर होतं. दोन मजले चढून जायचा कंटाळा आला.

फाट्यावर पाऊस वाढला. दादाने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि मागे माझ्याकडे दिलं. "धर जरा. काचेवर वाफ धरतीय, काय दिसंना. आता काय, आपलाच रस्ता हाय."

मी ते मांडीवर धरलं. मधे एकदा वाटलंही, हातात आहेच तर आपण घालावं. पण पुढचा भिजतोय आणि मागचा हेल्मेट घालून बसलाय, हे कसं दिसेल? म्हणून नाही घातलं. त्याला 'घाल परत' असंही म्हणालो नाही. आठ वर्षांनी मोठा माणूस, त्याच्या मागे बसून मी गाडी शिकलो. त्याला मी काय सांगणार?

मार्गासनीच्या पुढे एका वळणावर डांबरावर चिखल होता. आवणीच्या दिवसांत आमच्याकडच्या सगळ्या रस्त्यांवर तो असतो. ट्रॅक्टर चिखलणी करून लोखंडी केजव्हीलसकट खाचरातून वर येतात आणि प्रत्येक वळणावर चिखलाचे गोळे टाकत जातात. वरून पाऊस पडला की त्याचं लोणी होतं. आमची गाडी तिशीच्या आसपास असेल. मागचं चाक सरकलं, इतकंच. मी उजवीकडे खाचरात पडलो, चिखलात. दादा डावीकडे पडला. तिकडे मोरीचा कठडा होता.

हेल्मेट माझ्या मांडीवरून उडालं आणि रस्त्यावरून घरंगळत गेलं. त्याला एक ओरखडा पडला.

रक्त फार नव्हतं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय, कारण तिनेच आम्हाला फसवलं. दादा उठून बसला. कानामागे टेंगूळ आलं होतं. तो म्हणाला, "पार्ट कुठाय?" मी म्हणालो, पिशवीत आहे. मिनिटभराने परत, "पार्ट कुठाय?" मी परत सांगितलं. सहाव्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तोवर चार माणसं जमली होती. कुणी पाणी दिलं, कुणी म्हणालं मुका मार आहे, घरी नेऊन हळद लावा, झोपू द्या. तेवढ्यात दुधाची पिकअप आली. तिच्या ड्रायव्हरने दादाकडे बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "झोपवू नका. पुण्याला हलवा. माझा भाऊ असाच झोपला होता." त्याने गाडी वळवली. वाटेत दादाला दोनदा उलटी झाली. हायवेजवळच्या पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सीटी स्कॅन इथे होत नाही, पुढे न्या. तिथून ॲम्ब्युलन्स मिळाली. मोरीपासून स्कॅनच्या टेबलापर्यंत दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. अंतरच तेवढं आहे.

दादा वाचला. अकरा दिवस दवाखान्यात राहून घरी आला. सगळे म्हणाले, काळुबाईची कृपा. वहिनीने मांढरदेवीला जाऊन ओटी भरली. गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी काकूने आंबेमोहोर शिजवला होता. आमच्याकडे आंबेमोहोर शिजायला लागला की वास अंगण ओलांडून रस्त्यावर जातो. दादा चुलीजवळच बसला होता. त्याने विचारलं, "आज भात नाय केला?"

कवटीच्या आत, नाकाच्या बरोबर वर, चाळणीसारखी भोकं असलेलं एक पातळ हाड असतं. वासाच्या नसांचे बारीक धागे त्या भोकांतून वर मेंदूकडे जातात. डोकं जोरात आपटलं की मेंदू आत हलतो आणि ते धागे तिथेच तुटतात. कधी कधी काही महिन्यांत थोडा वास परत येतो, कधी कधी येतच नाही. दादाचा आला नाही. भात करणाऱ्या माणसाला भाताचा वास येत नाही. दूध नासलंय हे तोंडात घेईपर्यंत त्याला समजत नाही. तो घरात एकटा असला की वहिनी गॅसच्या सिलिंडरचा कॉक बंद करून जाते.

आणि दुसरं, जे सांगायला जास्त अवघड आहे. दादा चिडायला लागला. मेंदूला मार कपाळामागच्या भागात होता आणि रागाचा ब्रेकही तिथेच असतो, असं डॉक्टरांनी समजावलं. आधीचा दादा गावात कुणाच्याही भांडणात मधे पडून दोघांना चहा पाजणारा होता. आताचा दादा पोराच्या हातून तांब्या पडला तर ओरडतो, मग अर्ध्या तासाने गोठ्यात जाऊन एकटाच बसतो. वहिनी एकदा मला म्हणाली, "भावजी, माणूस घरी आला, पण कोण आला तेच मला अजून कळंना झालंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आताही नाही.

मी इंजिनिअर आहे, तरी पुढचं गणित मी अपघातानंतर केलं. बारावीचं फिजिक्स आहे, घाबरू नका.

गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. दीड मीटरवरून पडणारी कुठलीही वस्तू जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर असतो. गाडी तिशीत होती का साठीत, याचा इथे संबंध नाही. उभ्या गाडीवरून आडवं पडलात तरी डोकं विशीच्या वेगानेच आपटतं. म्हणून 'मी हळू चालवतो' याला फक्त अर्धा अर्थ आहे.

आता तो वेग शून्य व्हायला किती जागा मिळते ते बघा. उघडं डोकं दगडावर आपटलं तर कातडी आणि हाड मिळून दोन-तीन मिलिमीटर दबतील. तीन मिलिमीटर धरले तर डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पाचशे पट येतो. हेल्मेटच्या आत जो पांढरा थर्माकोल असतो, तो अडीच सेंटीमीटर दबला तर तोच झटका साठ पटींवर येतो. गणित ढोबळ आहे, पण फरक ढोबळ नाही. हेल्मेटचं मुख्य काम हा थर्माकोल करतो. बाहेरचं कवच मार पसरवतं आणि टोकदार दगडाला आत येऊ देत नाही, थर्माकोल स्वतः चिरडून डोक्याला थांबायला जागा देतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. आतला थर्माकोल एकदाच दबतो. आणि म्हणूनच रस्त्याकडेला मिळणारी, आत नुसता स्पंज असलेली अर्धी टोपली डोक्यावर असणं आणि नसणं जवळजवळ सारखंच.

त्या अडीच सेंटीमीटरचा हिशोब जगभर मांडून झालाय. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेनच्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. हेल्मेट जादू नाही, हे त्या ४२ वरून समजतं. पण मला ६९ जास्त महत्त्वाचे वाटतात. त्या आकड्यात आमच्या दादासारखी माणसं येतात. जी मरत नाहीत आणि कुठल्याच बातमीत येत नाहीत.

खरं सांगायचं तर हे सगळं मला ऐकवणारी माणसं आधीही होती. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती सुरू केली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. पुण्यात हे प्रयत्न आधीही झाले होते आणि बारगळले होते. या वेळीही हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली, विनाहेल्मेट मोर्चा निघाला. मी मोर्चात नव्हतो, पण ग्रुपवर सगळ्यात जास्त मीम मीच टाकले असतील. 'पुण्यात गाडी विसाच्या वर जातेच कुठे?' हे वाक्य तेव्हा मला फार बिनतोड वाटायचं. वीसचं गणित मी वर लिहिलंच आहे. त्याच आठवड्यात पोलिसांना दाखवण्यापुरतं फुटपाथवरून एक स्वस्तातलं हेल्मेट घेतलं, ज्याचा पट्टा पहिल्याच दिवशी निघाला. जूनमध्ये शहरातल्या आमदारांनी मुख्यमंत्र्यांची भेट घेतली, शहरातली कारवाई सैल झाली आणि आम्ही ते हेल्मेट हॉस्टेलच्या गच्चीवर फुटबॉल म्हणून वापरलं.

सक्तीला विरोध करणाऱ्यांचे सगळेच मुद्दे चुकीचे होते असं मी आजही म्हणणार नाही. खड्डे बुजवा, फुटपाथ मोकळे करा, मग आमच्या डोक्याकडे बघा, या रागात तथ्य होतं. आमच्या त्या वळणावर चिखल कुणी धुतला असता तर आम्ही पडलो नसतो. पण रस्ता सुधारायला लागतील तेवढी वर्षं लागतील, आणि पट्टा लावायला चार सेकंद लागतात. एकाची वाट बघत दुसरं टाळायचं कारण नव्हतं.

त्या 'सक्ती' शब्दाने एक मोठा घोळ केला. आमच्या डोक्यात असं बसलं की हेल्मेट हा पोलिसांचा आणि आपला मामला आहे. पोलीस जिथे आहेत तिथे हेल्मेट, जिथे नाहीत तिथे नाही. दादाच्या अपघातानंतर मी पहिल्यांदा मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ वाचलं. छोटंसं आहे. त्यात हायवे हा शब्द नाही, शहर नाही, गाव नाही. 'सार्वजनिक ठिकाणी' एवढंच आहे. विंझरचा रस्ता तेवढाच सार्वजनिक आहे जेवढा स्वारगेटचा चौक. चालवणारा आणि मागे बसलेला, दोघांनाही हेल्मेट लागतं, पगडी घालणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे. हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं पाहिजे, हेही कायद्यातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या मुलांनाही ते लागू आहे, दंड १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स बाद अशी तरतूद आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी २०२३ च्या फेब्रुवारीपासून वेगळा नियम आला. मुलाला बांधायचा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. आमच्याकडे पोरगं टाकीवर बसतं, हँडल धरतं आणि आपणच गाडी चालवतोय असं समजतं. मीही तसाच मोठा झालो.

म्हणजे फाट्यावरची ती रेघ कायद्याने ओढलेली नाही. ती आम्ही ओढली. आणि नेमकी उलट्या जागी ओढली.

विचार करा. हायवेवर पडलो तर पुण्याचे मोठे दवाखाने अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. चेलाडी फाट्यापासून आत जाल तसतसा प्रत्येक किलोमीटर तुम्हाला न्यूरोसर्जनपासून लांब नेतो. वेल्ह्याच्या पुढे केळदला, मढे घाटाकडे, किंवा भोरच्या पुढे नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने वरंध घाटाकडे जा. मोबाईलला रेंज नसते, दिवे नसतात, रात्री रानडुक्कर आडवं येतं आणि पावसाळ्यात धुकं असं उतरतं की आपल्याच गाडीचं पुढचं चाक दिसत नाही. डोकं जपायची गरज आत वाढत जाते आणि आम्ही ते आत शिरतानाच उघडं करतो. हे फक्त आमच्या दोन तालुक्यांचं नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात रस्त्यावर मेलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात मेले. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं दुचाकीच्या अपघातांत गेली. त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती.

'आपलाच रस्ता हाय' हे वाक्य दादाच्या आधीही अनेकांच्या डोक्यात असणार. टी. ई. लॉरेन्स, ज्याच्यावर 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' सिनेमा निघाला, तो पहिल्या महायुद्धातून सुखरूप परत आला आणि मे १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या घराजवळच्या गावरस्त्यावर मोटरसायकलवरून पडला. समोर सायकलवर दोन मुलं आली, त्यांना चुकवायला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याला तपासायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. तो त्या मृत्यूने अस्वस्थ झाला आणि डोक्याला मार लागलेल्या मोटरसायकलस्वारांचा अभ्यास करत राहिला. १९४१ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य लोकांसाठी तिथे कायदा यायला १९७३ उजाडलं. म्हणजे 'माझं डोकं, माझी मर्जी' हा वाद फक्त पुणेकरांचा नाही.

हे सगळं वाचून मी एका सुट्टीत गावी गेलो आणि जो भेटेल त्याला सांगत सुटलो. कुणीही ऐकलं नाही. मग मी बोलणं थांबवलं आणि विचारायला लागलो, का घालत नाही? उत्तरं ऐकून माझीच अक्कल ठिकाणावर आली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "टोपीवर कसं घालू? आणि टोपी काढून खिशात घालून फिरू व्हय?" चुलतीचं म्हणणं, अंबाड्यावर बसत नाही आणि पदर कुठे घ्यायचा? एका मित्राने सांगितलं, लग्नाला गेलं की हेल्मेट ठेवायचं कुठे, परत येईपर्यंत कुणीतरी उचलतं. पोरांचं म्हणणं वेगळंच. शनिवार-रविवारी पुण्याहून रायडर येतात, जॅकेट, गुडघ्याला गार्ड, दहा-दहा हजारांची हेल्मेटं. आपण घातलं की लोक म्हणतात, आला मोठा रायडर. आणि सगळ्यात पटलेलं कारण दिलं ते दूध घालणाऱ्या एका आजोबांनी. "हेल्मेट घातलं की माणूस वळखू येत नाय. फाट्यावर चार म्हातारी बसलेली असत्यात, राम राम घालावा लागतो. न बोलता गेलं तर म्हणत्यात, पोराला माज आलाय."

यात आळस कमी आहे आणि लाज, मान, ओळख जास्त. दंडाच्या पावतीने यातलं काही सुटत नाही.

आमच्या घरापुरतं आम्ही काही केलं, ते सांगतो. घरातल्या तिन्ही गाड्यांच्या चाव्या आता हेल्मेटमध्ये असतात. दाराजवळच्या खुंटीवर हेल्मेट, हेल्मेटमध्ये चावी. चावी घ्यायची तर हेल्मेट हातात येतंच. अण्णांना पुढून उघडणारं हेल्मेट आणलं. फाट्यावर थांबून ते पुढचा भाग वर करतात, राम राम घालतात, परत खाली ओढतात. टोपी डिकीत एका डब्यात, चुरगळत नाही. लग्नाला जाताना गाडीला हेल्मेट अडकवायचं छोटं कुलूप मिळतं, ते घेतलं. काचेवर वाफ धरली की काच बोटभर उघडायची, किंवा कडेला थांबायचं. हेल्मेट काढायचं नाही. घेताना आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघायचा. १ जून २०२१ पासून ती खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला नुसतं स्टिकर चिकटवलेला माल मिळतो. म्हणून आत हात घालून थर्माकोल कडक आहे का ते दाबून बघायचं आणि पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ओढून बघायचं. डोक्यातून निघालं तर माप चुकलंय.

यातली एकही गोष्ट मोठी नाही. मोठी गोष्ट जी होती, ती मी फाट्यावर केली नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांकडून आदेश निघाला की मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटवरही कारवाई करा आणि ती ई-चलानच्या मशीनमध्ये वेगळी नोंदवा. ग्रुपवर परत मीम सुरू झाले. मी एकही टाकला नाही. मला ती वेगळी नोंद बरोबर वाटली. गाडीवर दोन माणसं असतात तेव्हा मागचा नुसतं सामान नसतो. त्याला पुढच्यापेक्षा जास्त दिसतं. त्याचे हात मोकळे असतात, त्याच्याकडे तोंड असतं. चेलाडी फाट्यावर पोलीस नव्हते, कॅमेरा नव्हता, पण मी होतो. हेल्मेट माझ्या हातात होतं. 'थांब, घाल, मग निघू' एवढं म्हणायला मला तीन सेकंद लागले असते. दादा चिडला असता, हसला असता, कदाचित ऐकलंही नसतं. पण मी म्हणालोच नाही, कारण तो मोठा होता आणि रस्ता आपला होता.

तुम्ही हे फोनवर वाचताय, म्हणजे तुम्हीही कुणाच्या तरी मागे बसत असाल. मित्राच्या, भावाच्या, बाबांच्या. माझं तुमच्याकडे इतकंच मागणं आहे. मागे बसल्यावर तोंड उघडा. मोठा माणूस असेल तर जास्तच उघडा.

हे लिहिण्याआधी मी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, "लिही. नाव नको टाकू. आणि मी चिडतो त्ये पण लिही, न्हायतर लोकांना वाटंल नुसतं नाकावर निभावलं."

मागच्या महिन्यात आम्ही दोघं परत त्याच रस्त्याने गेलो. दादा आता लांबचं अंतर चालवत नाही, मी पुढे होतो, तो मागे. फाट्यावर चहाला थांबलो. बाजूला तीन पोरांनी गाड्या लावल्या, हेल्मेटं काढून आरशांना अडकवली. दादा बघत होता. मला वाटलं आता चिडतो की काय. तो चहाचा ग्लास खाली ठेवून त्यांच्याकडे गेला, काहीतरी बोलला. दोघं हसून तसेच गेले. एकाने मात्र हेल्मेट परत घातलं.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय न्हाय. म्हणलं, घरी आज काय शिजतंय त्याचा वास घ्यायचा आसल तर घाला."

मग त्याने स्वतःचं हेल्मेट घातलं, मागे बसला आणि माझ्या डोक्यावर बोटाने टकटक केलं. "पट्टा लावलास का?"

लावला नव्हता. लावला, आणि निघालो.